मामंजींच्या टेबलाशी

१० फेब्रुवारी, सोमवार

मामंजींच्या हातून आज स्क्रू उचलायचा चिमटा निसटला. त्यांनी मला काही पाहू दिलं नसतं, पण दार उघडं होतं आणि मी वाळलेले कपडे घेऊन चालले होते. चिमटा दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात पडला — टक्! मामंजी हलले नाहीत. उजवा हात समोर धरून बघत बसले. हात थरथरत होता. शेजारी शिलाई मशीन चालू असली की ग्लासातलं पाणी हलतं ना, तसा. मग त्यांनी तो टेबलावर टेकवला. थांबला. उचलला — पुन्हा सुरू.

मी आवाज न करता पुढे गेले.

बावीस वर्षं झाली या घरात येऊन. "चहा ठेवलाय" आणि "जेवायला चला" याखेरीज त्या खोलीत माझं कधी काम पडलं नाही. केरसुद्धा उंबऱ्यापर्यंतच काढायचा. "एक स्क्रू गेला की कॅमेरा गेला!" हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकलेलं वाक्य.

११ फेब्रुवारी

आज दिवसभर लक्ष ठेवलं. चहा अर्धाच कप मागतात. सही करायची वेळ आली की ह्यांना म्हणतात, "चष्मा सापडत नाही, तूच कर." वर्तमानपत्र हातात धरत नाहीत, टेबलावर पसरून वाचतात. मी आपली समजत होते, म्हातारपणाच्या लहरी! अठरा वर्षं रफूच्या दुकानात काढली. कोटावरचं सिगरेटचं भोक मला रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. दुकान बंद झाल्यापासून दोन वर्षं घरातच आहे, आणि हे दिसलं नाही!

ह्यांना सांगितलं. "बाबा? छे! बाबांचा हात म्हणजे दगड." मग घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "पण सही गेली तीन वर्षं मीच करतोय, नाही का गं?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलचे फोटोवाले आले होते. भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात ते फोटो काढतात. जखम कशी भरतेय, कातडी कुठे ओढली जातेय, हे डॉक्टर त्या फोटोंवरून ठरवतात. त्यांचा कॅमेरा चौदा वर्षांचा, दोन्ही कोपऱ्यांचं रबर सुटलेलं, चिकटपट्टी लावलेली. गेले काही दिवस प्रत्येक फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते.

मामंजी म्हणाले, "नवा घ्या. याचे भाग आता कुणी बनवत नाही."

"नव्यात रंग वेगळे येतात, काका. बारा वर्षांचे फोटो शेजारी ठेवून बघायचे असतात. लाली कातडीची की कॅमेऱ्याची, कसं कळणार?"

मामंजींचा हात खिशात.

मग फोटोवाल्यांनी लॅपटॉप उघडला. "चेहरा दाखवणार नाही, तिची परवानगी नाही. हात दाखवायला हो म्हणालीय." एका मुलीचा उजवा हात. पहिल्या फोटोत सहा वर्षांची. बोटं कुठेत कळतच नव्हतं — मेणबत्ती वितळून गोळा व्हावा तसं. पुढचा फोटो, पुढचा, पुढचा. एक बोट सुटं झालं. दोन वर्षांनी दुसरं. अंगठा वळला. एकतिसाव्या फोटोत त्या हातात पेन होतं!

मी चहाचा ट्रे घेऊन उभीच. चहा निवला. कुणी मागितलाही नाही.

सत्तावीस तारखेला तिचं शेवटचं ऑपरेशन. सव्वीसला फोटो काढायचा — त्याच उजेडात, त्याच कॅमेऱ्यानं. आत्ता काढला तर करंगळीवर काळी पट्टी येते, आणि ऑपरेशन करंगळीचंच.

"ठेवून जा," मामंजी म्हणाले. एवढंच.

१४ फेब्रुवारी

सकाळी खोलीतून "हॅत्!" असा आवाज. गेले तर मामंजींच्या कपाळावर घाम. तळाचे चार स्क्रू काढायला तास लागला होता, पाचव्याची खाच घासली गेली.

"मी धरू का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हे काय पँटचं भोक आहे, रफू करायला?"

मी परत आले. राग आला नाही. हेच नवल.

१५ फेब्रुवारी

दार दिवसभर बंद. जेवण दोन्ही वेळचं तसंच परत.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी भाजी निवडत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. या दारात ते कधी येत नाहीत! म्हणाले, "सूनबाई, तुझा चष्मा जवळचा आहे की लांबचा?"

"जवळचं मला बिनचष्म्याचं दिसतं, मामंजी."

"हं." थोडा वेळ नळाकडे बघत राहिले. "हात धुऊन ये. कोरडे करून ये."

हे आतून ओरडले, "भाजी कोण करणार?" मामंजी म्हणाले, "तू!"

१७ फेब्रुवारी

पहिला धडा — उघडायच्या आधी मारायचा! म्हणजे फ्लॅशच्या कपॅसिटरमधली वीज काढून टाकायची. बॅटरी काढली तरी ती आत दबा धरून असते. मामंजींना तरुणपणी एकदा बसलाय झटका. "खुर्चीसकट मागे पडलो. तुझी सासू पळत आली आणि आधी हसली."

सासूबाई मी पाहिल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मामंजींच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

दुसरा धडा — नकाशा. कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढायचं आणि निघालेला स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीवर ठेवायचा. सगळे दिसायला सारखे, पण लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतलं काहीतरी फोडून बाहेर येतो. खाच घासलेला स्क्रू मी काढला. रबराचा तुकडा मध्ये ठेवून दाबला, फिरवला, आला. मामंजी "हं" म्हणाले. त्यांचे "हं" तीन प्रकारचे आहेत, हे मला आता कळायला लागलंय.

एकूण सदतीस स्क्रू. एकेक मोहरीएवढा.

१८ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते कसं लिहू!

आरशाची पेटी बाहेर काढायची तर पाच वायरींचं सोल्डरिंग सोडवावं लागतं. ते मला जमेना. टोक तापलेलं, जागा तिळाएवढी, शेजारी सगळं प्लॅस्टिक. मामंजी म्हणाले, "ते मीच करायला हवं. पन्नास वर्षांची सवय हातात आहे. फक्त हात..."

मी उठले, त्यांच्या उजवीकडे गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. विचार केला असता तर धरलं नसतं. बावीस वर्षांत मी त्यांना कधी हात लावलेला नाही. मनगट बारीक, हाडकुळं, आणि आत ती थरथर — पाखरू ओंजळीत धरल्यासारखी. मी कोपर टेबलावर रोवून दाबून धरलं. थरथर माझ्या हातात आली आणि तिथेच जिरली. टोक स्थिर झालं. एक वायर. दोन. पाच!

मामंजींनी बराच वेळ चष्मा पुसला.

आणि मग शटर बाहेर आलं. आगपेटीपेक्षा थोडं मोठं. त्यात काळी पाती, एकावर एक सरकलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. "बोट लावलंस तर ते पातं मेलं," मामंजी म्हणाले. मी श्वाससुद्धा बाजूला सोडत होते.

मामंजींनी दोन कागद घेऊन समजावलं. शटरला पडदे दोन. एक उघडतो, दुसरा मागून येऊन बंद करतो. मला वाटायचं खिडकी उघडली, मिटली, झालं. पण फार भरभर फोटो काढायचा असला की खिडकी पूर्ण उघडतच नाही! पहिला पडदा पळतो, दुसरा लगेच त्याच्या मागे, आणि मधली बारीक फट तेवढी चित्रावरून फिरते. म्हणजे फोटोतला वरचा भाग आधीचा आणि खालचा नंतरचा! आपण ज्याला एक क्षण म्हणतो तोसुद्धा एक नसतोच.

"आणि हे सगळं कितीदा?" मी विचारलं.

"याचं? एक लाख ब्याऐंशी हजार वेळा. पापणी लवेपर्यंत पन्नास वेळा पळून येईल, इतक्या वेगानं. आणि दर वेळी बरोब्बर कडेला येऊन थांबतं."

कुणीतरी हे बनवलं. माणसानंच. भांडी घासताना सारखं तेच मनात येत होतं.

१९ फेब्रुवारी

रोग सापडला. पाती जिथे येऊन थडकतात तिथे रबराची इवलीशी गादी असते. ती चौदा वर्षांत वितळली. उन्हात राहिलेल्या च्युइंगगमसारखी. तो चिकटा पात्यांना लागला, पहिला पडदा रेंगाळायला लागला, आणि तो पुरता उघडायच्या आधीच फ्लॅश उडायला लागला. म्हणून काळी कड!

मऊ कापडाच्या टोकाला चिकटा काढायचं औषध लावून एकेक पातं पुसलं. सकाळी दहा ते दुपारी एक. पाच पाती झाली.

नवी गादी डब्यातल्या रबराच्या पट्टीतून कापली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. चिमट्यानं उचलली की वाकायची. मी उठून माझी रफूची सुई आणली. नुसतं टोक टेकवलं, गादी सुईला लागून आली, जागेवर ठेवली, बसली.

मामंजी भिंगातून बघत होते. "सुईनं?"

"चिमटा दाबतो, मामंजी. सुईला नुसतं टेकवता येतं."

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्या हाताकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे बघतात तसं. "बावीस वर्षं," म्हणाले. "बावीस वर्षं हे हात पलीकडच्या खोलीत होते!"

२० फेब्रुवारी

हे म्हणाले, "घरात दोन सर्जन झालेत आणि पेशंट उपाशी." आज त्यांनी केलेली भाजी खारट होती. मामंजींनी आणि मी मुकाट्यानं खाल्ली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जोडला. सदतीस स्क्रू, सदतीस जागा. बॅटरी घातली. दिवा लागला! मी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला.

काळी पट्टी होती. आधीपेक्षा बारीक, पण होती.

मला रडूच आलं. एवढे दिवस, एवढी मिजास, आणि नखाएवढी काळी कड तिथेच! मामंजींनी कॅमेरा कानाशी लावला. "पुन्हा दाब." दाबला. "पुन्हा." वीसेक वेळा. मग म्हणाले, "तुझी चूक नाही. माझी. मिटलेल्या पात्यांत एक पातं दुसऱ्याखाली दडलेलं असतं. ते बाहेर काढून पुसायला सांगायचं मी विसरलो. आवाजात कळतंय. शेवटाला घासतंय."

मला सगळे आवाज सारखेच लागले. खटॅक. त्या खटॅकमध्ये त्यांना एक घासलेलं पातं ऐकू येतं!

"चार दिवस आहेत, मामंजी."

"मग रडून संपव लवकर."

२३ फेब्रुवारी

पुन्हा सगळं उघडलं. पुन्हा मनगट धरलं. या वेळी मला पुढे व्हावं लागलं नाही, त्यांनीच हात पुढे केला. धरल्या धरल्या म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला कंपवात होता. शेवटी सहा वर्षं खाटेवर. मी घास भरवायचो. घास गालावर लागायचा, तो लाजेनं डोळे मिटायचा." सोल्डरिंगचा धूर वर जात होता. "म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. नाव ऐकायचं नव्हतं."

मी मनगट सोडलं नाही.

दडलेलं पातं सापडलं. त्याच्या खालच्या कडेला चिकटा, केसाएवढा. सुईच्या टोकावर कापसाचा एक तंतू गुंडाळला आणि काढला.

२४ फेब्रुवारी

पांढरी भिंत. पांढरी! कडेपासून कडेपर्यंत!! फ्लॅश लावून काढले, न लावता काढले, हळू, भरभर, तीनशे फोटो. सगळे स्वच्छ. मामंजींनी कान लावून ऐकलं आणि "हं" म्हणाले. हा चौथा प्रकार, आजवर न ऐकलेला.

हे ऑफिसातून आले तर आम्ही दोघं भिंतीचे फोटो बघत हसत होतो. "काय आहे त्यात?" हे म्हणाले. "काहीच नाही!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

२५ फेब्रुवारी

फोटोवाले कॅमेरा न्यायला आले. पावतीवर मामंजींची सही हवी होती. ह्यांचा पत्ता नव्हता. मामंजींनी पेन घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. रेघ सगळ्या कागदभर नाचली.

फोटोवाले ती सही बघत राहिले. "काका, हे केव्हापासून?"

मीच सांगितलं, तीन वर्षं झाली. मामंजी माझ्यावर ओरडतील वाटलं होतं. नाही ओरडले.

"आमच्याकडे मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत. एकदा दाखवा. काका, तुम्ही कॅमेरा न उघडता कधी म्हणालात का, हा मेला म्हणून?"

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी फोटोवाल्यांचा निरोप. कालचा फोटो उत्तम आला. ऑपरेशन झालं. करंगळी सुटी.

बत्तिसावा फोटो. त्यातला उजेड त्या पात्यांमधून गेलेला आहे — जी मी पुसली. हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं नुसती बसले.

५ मार्च, बुधवार

हॉस्पिटल. मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाकावर बसल्यावर माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला. मुठीत, घट्ट. मी न पाहिल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान. कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला सांगितलं. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. निम्मं टेबलावर. चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हात मांडीवर सैल सोडायला सांगितला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मांडीवर हात शांत होता.

"आजोबा, हा कंपवात नाही."

मामंजींना ऐकू गेलं नाही असं वाटलं.

"त्यात हात स्वस्थ असताना हलतो. तुमचा काम करताना हलतो. हा वेगळा आजार आहे. त्रास देतो, पण खाटेवर पाडत नाही. गोळ्या देते. कुणाला खूप फरक पडतो, कुणाला थोडा. बघू या."

"खाटेवर पाडत नाही?"

"नाही."

बाहेर आलो. फाटकाशी मामंजी थांबले. गाड्या जात होत्या, माणसं औषधांच्या पिशव्या घेऊन जात होती. "तीन वर्षं," म्हणाले. "तीन वर्षं मी रोज सकाळी उठून भावाचा तो रोग आला का बघत होतो गं." आणि भर रस्त्यात रडले. मी पुन्हा मनगट धरलं. या वेळी काही जोडायचं नव्हतं.

९ मार्च

गोळ्यांचा पाचवा दिवस. फरक नाही. आम्ही एका शिक्षकाचा कॅमेरा उघडलाय, आरसा निखळलेला. मी चिकटवला. मामंजी सांगतात, मी करते.

१७ मार्च

चहा पाऊण कप मागितला!

२८ मार्च, शुक्रवार

हात थांबला! अगदी पुरता नाही, पण जवळजवळ. सकाळी चहा घेऊन गेले तर मामंजी एकटेच काम करत होते. दार उघडं. स्क्रू निघत होते, नकाशावर जात होते — एक, दोन, तीन — न बघता, बोटांना डोळे असल्यासारखे. मी त्यांचा हात चालताना आजवर कधी पाहिलाच नव्हता! मला वाटत होतं मी शिकले. मी काय शिकले? हा हात म्हणजे नदी. मी घागर.

आनंद झाला. खरंच झाला. त्यांनी मला हाक मारली नाही. मान वर करूनही पाहिलं नाही. मी कप ठेवून आले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

२९ मार्च

सुतार आला होता. मामंजींनीच बोलावलेला. टेबल दीड हात लांब करायचं, दुसरी खुर्ची, दुसरा दिवा. सुतारानं टेप काढली, म्हणाला, "पायही नवे घालतो. उंची किती ठेवू? तुम्ही जरा खुर्चीत बसा, आजोबा, माप घेतो."

मामंजी म्हणाले, "माझं नको. हिचं घे."